मोहरीचा दाणा आणि माझा डावा कान

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक बाई तिच्या आठ वर्षांच्या लेकीला घेऊन माझ्याकडं आली. पोरीच्या नाकावर नवाकोरा चष्मा आणि आईच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, "काकू, लहानपणी तुम्ही सुया टोचून घेतल्या होत्या म्हणं, कानात दाणे लावले होते म्हणं. त्यानं नंबर थांबतो का हो?"

मी म्हटलं, "आधी डोळे पूस. चष्मा लागलाय, पोरगी कुठं गेली नाही. आणि थांबतो का ते मी सांगणार नाही, मी काय डॉक्टर आहे? आमच्या घरात काय झालं तेवढं सांगते." दोन तास बसली. चहा दोनदा झाला. जाताना म्हणाली, हे लिहून ठेवा, कुणाच्या तरी कामाला येईल.

म्हणून हा खटाटोप.

फळा

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. आमचं गाव लोहाऱ्यापासून चार-पाच किलोमीटर. लोहारा तेव्हा तालुका नव्हता, सगळी कामं उमरग्याला. घरात आम्ही चौघं. अण्णा, म्हणजे माझे वडील, लोहाऱ्याच्या सोसायटीत शिपाई होते. आई दुसऱ्याच्या शेतात रोजानं जायची. आणि आत्या, अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा वारला, तेव्हापासून ती आमच्यातच. मला वाढवलं निम्मं आईनं, निम्मं आत्यानं, आणि दोघींचंही म्हणणं की निम्म्याहून जास्त तिनंच.

अण्णा चौथी शिकलेले. सोसायटीत आलेला पेपर दुसऱ्या दिवशी ते सायकलला अडकवून घरी आणायचे. तिसरीत मला जोडाक्षरं नीट यायला लागली तसं त्यांनी मला बौद्धवाड्यातल्या विहाराच्या कट्ट्यावर बसवलं आणि म्हणाले, "वाच." मग रोज संध्याकाळी दिवस मावळायच्या आत मी पेपर वाचायचे आणि दहा-पंधरा माणसं ऐकायची. मला बातम्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ऐट मात्र कलेक्टरची. अण्णांच्या डोक्यात पक्कं होतं, पोरगी मास्तरीण होणार.

माझी नजर कधी कमी झाली ते मला सांगता येत नाही. जवळचं स्वच्छ दिसायचं, त्यामुळं पेपरात कधी अडलं नाही. फळ्यावर गुरुजी खडूनं काहीतरी लिहितात, हे मला माहीत होतं. पण ते सगळ्यांना जागेवर बसून दिसतं, हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, पहिल्या रांगेतली पोरं वाचतात, मग ती मागच्यांना दाखवतात, मग त्याच्या मागच्यांना, अशीच पद्धत असते. म्हणून मी शेजारणीच्या वहीत बघून उतरवायचे. ती शेजारीण गणितात महाढ. तिची दहा चुकली की माझी दहा चुकायची, तीच आणि तशीच. चौथीत गुरुजींनी एकदा दोघींच्या वह्या शेजारी ठेवल्या आणि माझ्या हातावर छडी ओढली.

"बघून लिहितीस?"

"मग कसं लिहायचं, गुरुजी?" मी खरंच विचारलं.

वर्ग हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी मला फळ्यापाशी नेलं, मग एकेक पाऊल मागं सरकायला लावलं. चौथ्या पावलाला अक्षरं गेली. त्या संध्याकाळी गुरुजी स्वतः घरी आले.

दीड आणि अडीच

उमरग्याच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी दीड नंबर सांगितला. अण्णा आणि आत्या मला घेऊन गेले होते. डॉक्टरांनी माझ्या डाव्या भुवईतला वण बघून विचारलं, हे काय? मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलली, "झोळीतनं पडली हुती, ल्हान असताना." ते मलाही माहीत होतं. लहानपणापासून तेच ऐकलं होतं.

चष्मा आला त्या दिवशी मी घरात शिरले आणि दारातूनच मला आत्याचा चेहरा दिसला, चुलीपाशी बसलेला. ती डोळे पुसत होती. मी म्हटलं, "आत्या, रडतीस का?" ती म्हणाली, "धूर हाय गं." चुलीत तेव्हा नुसता निखारा होता. धूर नव्हता हे मला चष्म्यामुळंच दिसलं. पण त्या वयात कोण विचार करतंय! मी आढ्याला टांगलेल्या शिंक्याच्या दोऱ्या मोजत बसले.

वस्तीत चष्म्याचं कौतुक चार दिवस टिकलं. मग सुरू झालं. "एवढ्याशा पोरीला ढापण." "आता हिला कोण करून घेणार?" आई हे ऐकायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. आई तशी तोंडानं फटकळ, पण बाहेरच्याला उत्तर द्यायची नाही. सगळं साठवून घरी आणायची.

वर्षानं पुन्हा तपासायला गेलो तर नंबर अडीच. या खेपेला आई बरोबर होती. डॉक्टर म्हणाले, "एका वर्षात एकानं वाढलाय. असाच वाढत गेला तर अवघड आहे. वाचनाचा ताण जरा कमी करा." डॉक्टरांनी 'जरा' म्हटलं होतं. आईच्या कानात तो 'जरा' शिरलाच नाही.

"झालं शिक्षान," घरी येताच ती म्हणाली. "पाचवीचं नाव घालायचं न्हाय. डोळं ऱ्हायलं तर सगळं हाय. आंधळी पोर घिऊन म्या काय करू?"

अण्णा म्हणाले, "अगं, आंधळी कोण म्हनलं?"

"दीडाचं अडीच झालं. अडीचाचं साडेतीन हुईल. मग? तुमचा प्येपर वाचून पोरीचं डोळं गेलं! तुमीच घालवलं!"

अण्णांना ते लागलं. ते उठून बाहेर गेले. मी कोपऱ्यात बसून रडले, आणि खरं सांगते, डोळ्यांसाठी नाही रडले. शाळेसाठी रडले. आंधळं होणं म्हणजे काय हे मला समजत नव्हतं, पण पोरी पाटी-दप्तर घेऊन जाताहेत आणि मी खुरपं घेऊन आईच्या मागं चाललेय, हे मला लख्ख दिसत होतं.

देवीच्या शेजारी

सुयांच्या डॉक्टरांची माहिती अण्णांना सोसायटीतच मिळाली. सोलापूरचे एक डॉक्टर दर मंगळवारी तुळजापूरला यायचे. एका लॉजच्या मालकाचा लकवा त्यांनी बरा केला होता, म्हणून त्यानं खालची एक खोली मंगळवारपुरती त्यांना दिली होती. यात्रेकरूंची गुडघेदुखी, कंबरदुखी असं सगळं तिथं चालायचं. लहान मुलांच्या नंबरासाठीही ते सुया लावतात, असं कुणीतरी म्हणालं.

आईनं अट घातली, "दिवाळीपतुर बगा. तवर शाळंत जाऊ दे. दिवाळीला नंबर वाढला तर मुकाट घरी बसायचं. बापानं बी बोलायचं न्हाय, लेकीनं बी न्हाय." अण्णांनी मान हलवली. आत्यानं काही विचारलं नाही, पण पहिल्या मंगळवारी आमच्याआधी तीच पिशवी घेऊन दारात उभी.

लोहाऱ्याहून एसटी, नळदुर्गला बदलायची, मग तुळजापूर. सगळा दिवस जायचा. शाळा वाचवायला दर मंगळवारी शाळाच बुडवायची, असा आमचा कारभार! आणि गावात वेगळाच बोभाटा. आमचं घर छप्पन्न सालानंतरचं बौद्ध, आणि अण्णा दर मंगळवारी तुळजापूरच्या गाडीत! पारावरून हाक यायची, "काय अण्णा, देवीचा नवस का?" अण्णा सायकलवरून न उतरता म्हणायचे, "देवीला न्हाय बाबा, देवीच्या शेजाऱ्याला." विहारातही चार जणांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं. अण्णांनी माझा हात पुढं केला, सुईच्या बारीक खुणा दाखवल्या, तेव्हा कुठं त्यांची समजूत पटली.

डॉक्टर उंच, वाळके आणि त्यांच्याच नाकावर जाडजूड चष्मा. आत्या माझ्या कानात म्हणाली, "ह्याचाच नंबर जाईना, ह्यो तुजा काय थांबवनार?" डॉक्टरांना ऐकू गेलं. ते हसून म्हणाले, "आजी, माझ्या लहानपणी मला सुया लावणारं कुणी नव्हतं." आत्या तेव्हा पन्नाशीचीही नव्हती. 'आजी' म्हटल्याचा राग तिनं दोन मंगळवार धरला.

मला भीती वाटत होती. खोटं कशाला बोलू, खोलीत शिरताना मी दाराची चौकट धरली होती आणि अण्णांना बोटं सोडवावी लागली. पण सुई बघितली तर आईच्या गोधडीच्या सुईच्या पावपटही नाही, केसाएवढी. पहिली अंगठा आणि बोटाच्या मधल्या मांसात. मुंगी चावल्यासारखं झालं आणि मग तिथं जड जड वाटायला लागलं. मग भुवयांच्या टोकाशी, कानशिलाला, पायाला. अशा सुया घेऊन अर्धा तास निजायचं. खिडकीतून लांबचा डोंगर दिसायचा, डॉक्टर सांगायचे त्याच्याकडं बघत राहा. दारातून यात्रेकरू डोकावायचे आणि एकमेकांना म्हणायचे, "अगं बया, साळिंदर!" मला हसू यायचं, पण हसलं की भुवईतली सुई हलायची.

शेवटी कानाला दाणे. मोहरीचा एक दाणा चिकटपट्टीत ठेवायचा आणि कानाच्या ठरावीक जागी चिकटवायचा. असे तीन, एक पाळीत, एक मध्ये, एक वरच्या वळणात. दिवसातून तीनदा बोटानं दाबायचे. आठवड्यानं नवे.

डॉक्टरांनी अण्णांना स्वच्छ सांगितलं, "लागलेला नंबर यानं जाणार नाही. वाढायचा थांबला तर थांबला, मी वचन देत नाही. चष्मा काढायचा नाही. कंदिलाच्या उजेडात वाचायचं नाही. आणि रोज दोन तास उघड्यावर, लांबचं बघत." हे शेवटचं आम्हाला फुकट होतं. त्या वर्षीही पाऊस नव्हता, रानात पिकंच नव्हती, जिकडं बघावं तिकडं लांबचंच दिसायचं.

आत्याचा उपाय

भाद्रपदात डॉक्टर आजारी पडले. लॉजवाल्यानं सांगितलं, तीन-चार मंगळवार येणार नाहीत. दाणे घरीच लावा, असा निरोप होता. चिकटपट्टी होती, मोहरी काय घरात होतीच.

पण वरच्या वळणातला दाणा टिकायचा नाही. केस घासायचे, अंघोळीचं पाणी लागायचं, संध्याकाळी बघावं तर दाणा गायब. आत्या दिवसातून चार वेळा माझा कान तपासायची. "पडला का गं? पुना पडला?" तिचा जीव वरखाली. दिवाळी जवळ येत चालली होती आणि आई बोटं मोजत होती.

आता आमच्याकडची रीत बघा. पोर बारा दिवसांची झाली की सोनार कान टोचतो. कान टोचले की डोळे चांगले राहतात, हे आमच्याकडं प्रत्येक बाई सांगते. आत्यानं त्या सुयांच्या खोलीत पाहिलं काय? डॉक्टर कानाला खुणा करतो, टोचतो, दाणा लावतो. तिनं आपल्या मनाशी सरळ हिशेब केला. हे तर आपलंच काम. मग रोज पडणारा दाणा कशाला? तिथंच भोक पाडलं आणि तार घातली की कायमचं दाबलेलं राहील.

एका बाजाराच्या दिवशी ती मला लोहाऱ्याला घेऊन गेली. आईला म्हणाली, बांगड्या भरायला. सोनाराच्या ओट्यावर बसल्यावर तिनं कमरेच्या पिशवीतून आपली बुगडी काढली. नवऱ्यानं केलेला तो एकच दागिना. दुष्काळातही तिनं मोडला नव्हता.

"हिची बारीक तार करा आन हितं घाला," तिनं माझ्या कानावरच्या चिकटपट्टीवर बोट ठेवलं.

सोनार म्हणाला, "बुगडीची जागा जरा अलीकडं असते, बाई. इथं कुरकुरीत हाड लागतं."

"डाक्टरनं जागा दावलीय. तितंच."

मला वाटलं, डॉक्टरांनीच सांगितलं असेल. मी कान पुढं केला. आधीचं सगळं मुंगी चावल्यासारखं होतं, हे तसं नव्हतं. मी किंचाळले तशी समोरच्या दुकानातली माणसं उठून उभी राहिली. आत्यानं माझं डोकं पोटाशी धरलं होतं आणि ती म्हणत होती, "झालं, झालं माजं बाळ. आता नंबर जागचा हलत न्हाय बग." तिनं मला गुळाची गुडीशेव घेऊन दिली. बांगड्या घ्यायचं दोघीही विसरलो.

सोलापूर

तिसऱ्या दिवशी कान लाल झाला, पाचव्या दिवशी वांग्याएवढा सुजला. आत्यानं हळद-तेल लावलं, लिंबाचा पाला बांधला. सातव्या दिवशी मला ताप भरला आणि कानातून पू यायला लागला. चष्म्याची काडी कानावर टेकवता येईना. अण्णांनी मला उचललं आणि सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथं अकरा दिवस होते. कान चिरून पू काढला, ते मला आठवत नाही. आठवतं ते नंतरचं. सहा-सहा तासांनी इंजेक्शन. सिस्टरच्या ढकलगाडीचं एक चाक कुरकुरायचं, ते ऐकलं की माझी कंबर आपोआप आखडायची. रोज सकाळी पट्टी बदलायची. उजव्या कुशीवरच निजायचं. डोक्याला एवढं मोठं फडकं गुंडाळलेलं, त्यामुळं चष्मा नाही. अकरा दिवस सगळा वॉर्ड मला धुरकट दिसला. माणसं चालीवरून ओळखायची.

शेजारच्या खाटेवर अक्कलकोटकडची एक म्हातारी होती, कानडी बोलणारी. मला 'मगळे' म्हणायची, म्हणजे लेकी. तिला भेटायला येणारे मोसंबी आणायचे, ती सोलून निम्मी माझ्या हातावर ठेवायची आणि मी खाईपर्यंत बघत बसायची. तिचा चेहरा मला कधी स्पष्ट दिसला नाही. मोसंबीचा वास आला की अजून ती आठवते.

घरच्यांचं विचारू नका. आई पहिल्या दिवशी आली, माझ्याकडं बघितलं, आणि आत्याकडं वळून म्हणाली, "वन्सं, डोळं तर जातेतच. तुमी कान बी खाल्ला माज्या लेकराचा." बस्स. त्यानंतर ती आत्याशी बोलली नाही. आत्या माझ्या खाटेखाली जमिनीवर बसून राहिली. गेली नाही, निजली नाही, डब्यातलं काही खाल्लं नाही. मीही बोलत नव्हते तिच्याशी. मला तिचा राग आला होता, चांगलाच आला होता. दिवाळी जवळ आली होती आणि सुया बंद, दाणे बंद, शाळा तर बंदच. तिनं माझं सगळं घालवलं असं मला वाटत होतं. ती माझा पाय दाबायला लागली की मी पाय ओढून घ्यायचे.

सहाव्या की सातव्या दिवशी दुपारी अण्णा सुयांच्या डॉक्टरांना घेऊन आले. ते सोलापुरातच राहायचे, आजारातून नुकते उठलेले, आणखी वाळलेले. आत्यानं त्यांना बघितलं आणि उठून त्यांच्या पायाशीच बसली.

"सायेब, म्या केलं. काय शिक्षा द्याची ती द्या."

डॉक्टर म्हणाले, "उठा. चूक माझीही आहे. दाणा लावा म्हणून सांगितलं, टोचू नका म्हणून सांगितलं नाही. तुमच्याकडं पोरींचे कान टोचतात, हे मला काय माहीत नव्हतं?"

आत्या उठली नाही. खाली मान घालूनच म्हणाली, "एक इचारू? खडीची कपची लागली तर नंबर लागतो का?"

"कुणाला लागली?"

"हिला." मग तिनं जे सांगितलं ते मी उजव्या कुशीवर, तिच्याकडं पाठ करून ऐकलं. "दुष्काळी कामावर म्या खडी फोडीत हुते. हिच्या आईला ताप हुता, म्हून पोरीला म्या नेली. आठ म्हयन्याची. समदे झोळीत ठिवायचे, म्या न्हाय ठिवली. नजरंआड नगं म्हून मांडीपाशीच पोत्यावर निजवली. हातोडा घातला आन कपची उडाली. भुवईतनं रगत आलं. घरी सांगितलं, झोळीतनं पडली. चष्मा लागला तवापासनं माज्या डोळ्याला डोळा न्हाय, सायेब. म्याच घालवली हिची नदर. म्हून म्हनलं, म्याच थांबवावी."

डॉक्टरांनी मला वळवलं, भुवईवर बोट फिरवलं, बॅटरी मारून डोळ्यात बघितलं. मग आत्याला विचारलं, "कपची कुठल्या बाजूला लागली?"

"ह्या. डाव्या."

"आणि नंबर कुठल्या डोळ्याला आहे?"

आत्यानं अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "दोन्ही. सारखाच."

"मग? कपचीनं लागला असता तर एकाच डोळ्याला लागला असता ना? ती कातड्याला लागली, डोळ्याला नाही. हा नंबर वाढत्या वयाचा आहे. तुमचा नाही."

आत्यानं आधी आपल्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला, मग उजव्या. "दोनीला," ती म्हणाली. "दोनीला, व्हय की." आणि मग ती अशी रडली की शेजारची कानडी म्हातारी उठून बसली.

दारात आई उभी होती, हातात डबा. कधी आली होती, किती ऐकलं होतं, ते तिनं पुढं कधीच सांगितलं नाही. ती आत आली, डबा उघडला, भाकरीवर पिठलं घातलं आणि आत्याच्या हातात दिलं. "खावा," एवढंच म्हणाली. मी पाय लांब केले. आत्याच्या पाठीला माझा तळवा टेकला, तो मी तसाच ठेवला.

दिवाळी

कान बरा झाला, पण वरची कड आत दुमडून बसली, वाळलेल्या पानासारखी. ती आजही तशीच आहे. चष्म्याची डावी काडी तिथं ठरेना, मान हलवली की चष्मा घसरून गालावर. घरात निजून असताना मी तो हातानं धरून बसायचे.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही चौघंही उमरग्याला गेलो. शब्द म्हणजे शब्द. डॉक्टरांनी आपली लोखंडी चौकट माझ्या नाकावर धरून काचा बदलल्या, बराच वेळ घेतला, आणि म्हणाले, "पावणेतीन."

"वाढला का?" आईनं विचारलं.

"पावानं. आधी वर्षात एकानं वाढला होता, त्या मानानं कमी आहे."

अण्णांनी सुयांचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "त्यानंच, असं मी लिहून देणार नाही. आणि त्यानं नाही, असंही म्हणत नाही. पुढं बघत राहू."

मीही इतकंच सांगू शकते. सुयांनी, दाण्यांनी, उघड्या रानानं, कंदिलाचं वाचन बंद झाल्यानं, की वाढायचं नव्हतं म्हणून वाढला नाही, मला आजही माहीत नाही. ज्यांना सुया लावायच्या त्यांनी जाणत्याकडून लावाव्यात, चष्मा काढू नये, आणि कानाच्या हाडाला कुणाला हात लावू देऊ नये. बाकी पोराला रानात सोडा. एवढंच माझं वैद्यक.

पण त्या दिवशी हे शहाणपण कुणाला सुचत नव्हतं. पावानं का होईना, वाढला होता. अट अटच होती. अण्णा स्टँडवर एका बाजूला जाऊन उभे राहिले. त्यांनी बोलायचं नाही असं ठरलं होतं आणि ते बोलले नाहीत. आईनं आत्याला विचारलं, दीड महिन्यातला पहिला प्रश्न, "वन्सं, तुमचं काय म्हननं?"

आत्या म्हणाली, "मला नगं इचारू. माजी अक्कल पोरीच्या कानावर दिसतीय."

एसटीत मी खिडकीपाशी, शेजारी आई, पलीकडं आत्या. गाडी उमरगा सोडून लोहाऱ्याच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूला उघडी रानं. रडायचं नाही असं ठरवून मी चष्मा धरून बाहेर बघत होते.

थोड्या वेळानं आई म्हणाली, "सुमे, त्यो फुडं पांढरा दगड येतोय. काय लिवलंय त्याच्यावर?"

मी म्हटलं, "लोहारा, बावीस."

दगड गेला. आईला वाचता येत नव्हतं. पुढच्या सीटवर एक माणूस होता, तिनं त्याला विचारलं, "काय हुतं वो दगडावर?" तो म्हणाला, "बावीस." आईनं पदर खोचला. नीट सावरून बसली.

"आता फुडला. लांबनंच सांग. आल्यावर न्हाय."

गाडी उडाली आणि चष्मा घसरला. आईनं माझा हात बाजूला केला आणि डावी काडी आपल्या बोटांनी माझ्या कानामागं धरली. त्या दुमडलेल्या कडेला तिनं तोवर हात लावला नव्हता.

"एकवीस," मी म्हटलं.

"वीस."

"एकोणीस. आई, त्याच्या पलीकडं पाटी आहे, 'वळण आहे, वाहने सावकाश हाका.'"

पुढं वळण आलं. आत्या पुढं वाकून रस्त्याकडं बघत होती. म्हणाली, "हितली समदी खडी आमी फोडलीया. ह्याच वळनावर बसायचो. ह्या दगडावर काय लिवत्यात, कदी कळलं न्हवतं मला." मग हळूच म्हणाली, "फुडचं वाच की."

मी वाचत गेले. आईचा हात अवघडला तरी तिनं काडी सोडली नाही, लोहाऱ्यापर्यंत. शेवटचा दगड गेला, स्टँड आला, माणसं उठायला लागली. आई उठली नाही. आत्याकडं बघून, रोजच्या चिडक्या आवाजात म्हणाली,

"वन्सं, आता ही काडी धरून शाळंत कोन बसनार हाय? तुमी का मी? घरी गेल्यावर दोरी लावा ह्याला."

अण्णा पुढच्या दारात पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि न बोलण्याची अट असल्यामुळं ते भराभरा खाली उतरले आणि रुमालानं तोंड पुसत उभे राहिले.

आत्यानं घरी जायची वाट बघितलीच नाही. तिथंच सीटवर बसून तिनं कमरेच्या पिशवीचा काळा करगोटा ओढून काढला, ज्या पिशवीत तिची बुगडी असायची त्याच पिशवीचा, आणि चष्म्याच्या दोन्ही काड्यांना बांधून माझ्या मानेमागं गाठ मारली. "हाल बगू मान," ती म्हणाली. मी जोरजोरात हलवली. चष्मा जागचा हलला नाही.

कंडक्टर ओरडत होता, उतरा, उतरा. दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी शाळेत गेले. करगोटे पुढं कितीतरी बदलले, पण चष्मा अजूनही दोरीवरच आहे.